मशीन नंतर मागवा, आधी वर्ग भरवा

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"सर, मी सांगलीजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक विभागात सहायक प्राध्यापिका आहे. कॉलेज नुकतंच स्वायत्त झालं, त्यामुळे तिसऱ्या वर्षाला नवा ऐच्छिक विषय सुरू करता येणार आहे. विषय ठरला 'हाय परफॉर्मन्स कॉम्प्युटिंग' आणि शिकवायचं मी. नॅकची टीम यायच्या आत आठ जीपीयूंचा एक मोठा सर्व्हर घ्यावा, त्याला काचेची खोली करावी आणि दारावर 'सुपरकॉम्प्युटर सेंटर' अशी पाटी लावावी, असं संस्थेच्या मनात आहे. प्रस्ताव मलाच लिहायचा आहे. खरं सांगायचं तर मी स्वतः कधी सुपरकॉम्प्युटरवर काम केलेलं नाही. एम.टेक.ला पॅरलल प्रोग्रॅमिंग होतं, तेही बहुतेक फळ्यावरच. सिव्हिलची मुलं या विषयाला बसणार आहेत, शेजारच्या कॉलेजातली एमएस्सी फिजिक्सची मुलंही येतो म्हणतात. त्यांना सी धड येत नाही. पालक विचारतात, याने नोकरी लागेल का? मी हो म्हणू की नको? आणि आधी मशीन की आधी शिकवणं?"
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

मॅडम,

विषयाला, म्हणजे एक मोठं काम अनेक प्रोसेसरांना वाटून लवकर उरकण्याच्या तंत्राला, हो म्हणा, मशीनला यंदा नको म्हणा. दोन्ही एकाच प्रस्तावात बसवता येतं. ते कसं, ते शेवटी सांगतो.

आधी मशीनचं बघू. आठ जीपीयूंचा (एकाच वेळी हजारो गणितं करणाऱ्या चिपांचा) सर्व्हर म्हणजे कपाटात ठेवायची वस्तू नव्हे. एनव्हिडियाच्या डीजीएक्स ए१०० चं उदाहरण घ्या. पूर्ण भारावर तो साडेसहा किलोवॅटपर्यंत वीज ओढतो. दिवसरात्र चालवला तर रोजचे १५६ युनिट झाले. ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊन त्याच खोलीत साठते. ती बाहेर काढायला एसी लागतो, त्याचं बिल वेगळं. लाइट गेली की यूपीएस आणि यूपीएस संपला की जनरेटर. खरेदीचे पैसे एकदाच लागतात आणि त्यासाठी देणगीदार भेटतो. वीजबिल दर महिन्याला येतं आणि त्याला देणगीदार मिळत नाही. मग कोणीतरी ठरवतं की मशीन गरजेपुरतंच चालू ठेवायचं, आणि ती गरज वर्षातून दोनदा, पाहुणे आले की पडते. किल्ली कार्यालयात आणि मुलं बाहेरून काचेतून बघताहेत, अशा खोल्या मी पाहिल्या आहेत. (उद्या घेतलंच तर एक करा, खोली तळमजल्यावर नको. २०१९ च्या ऑगस्टचा पूर सांगलीकरांना वेगळा सांगायला नको.)

दुसरं, मशीन फार लवकर जुनं होतं. टाटा समूहाच्या कंपनीने पुण्यात उभारलेला 'एका' हा संगणक सगळ्यात वेगवान संगणकांच्या नोव्हेंबर २००७ च्या टॉप ५०० यादीत जगात चौथा आला होता. त्याचा मोजलेला वेग ११८ टेराफ्लॉप्सच्या आसपास होता (एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी गणितं). आज वर सांगितलेल्या त्या एका सर्व्हरची कागदावरची क्षमता त्याहून जास्त आहे. मात्र 'एका'वर प्रोग्रॅम लिहायला शिकलेल्या माणसाचं ज्ञान वाया गेलेलं नाही. काम अनेक मशीनना वाटणाऱ्या एमपीआयचं पहिलं प्रमाणक १९९४ चं, एकाच मशीनच्या आत वाटणाऱ्या ओपनएमपीचं १९९७ चं, आणि दोन्ही आजही रोजच्या वापरात आहेत. अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली मांडलेला नियम (जो भाग वाटता येत नाही तोच सगळ्या कामाचा वेग अडवतो) तर कुठल्याच पिढीच्या मशीनला चुकलेला नाही. संस्थेचा पैसा आधी कशावर लागावा, हे यावरून ठरवा.

आता तुमची खरी धास्ती: 'मी सुपरकॉम्प्युटरवर काम केलेलं नाही.' तुम्ही जे शिकवणार आहात त्यातला बहुतांश भाग चार कोअरच्या (प्रोसेसरमधल्या स्वतंत्र काम करणाऱ्या चार भागांच्या) लॅपटॉपवर शिकता येतो आणि शिकवताही येतो. विंडोजवाल्या मुलांना डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) टाकून द्या, म्हणजे लिनक्स हातात आलं. पहिले दोन आठवडे समांतर हा शब्दच काढू नका. फक्त मोजायला लावा.

पहिला प्रयोग मॅट्रिक्सच्या गुणाकाराचा. २००० बाय २००० चे दोन मॅट्रिक्स घ्यायचे. पुस्तकातल्या पद्धतीने आय-जे-के या क्रमाने तीन लूप मुलांनाच लिहू द्या आणि वेळ वहीत टिपायला सांगा. मग आतले दोन लूप अदलाबदल करून आय-के-जे करायला सांगा. गुणाकार तेवढेच, बेरजा तेवढ्याच, उत्तरही तेच, आणि वेळ कित्येक पटींनी खाली येतो. वर्गात गलका होईल, होऊ द्या. कारण नंतर सांगा. सीमध्ये मॅट्रिक्स मेमरीत ओळीने मांडलेला असतो. पहिल्या क्रमात आतला लूप दुसऱ्या मॅट्रिक्सच्या स्तंभातून खाली उतरतो, म्हणजे दर पावलाला १६,००० बाइटची उडी मारतो. प्रोसेसर प्रत्येक वेळी मेमरीतून ६४ बाइट उचलून आणतो, त्यातले ८ वापरतो आणि बाकीचे बहुधा पुन्हा लागायच्या आत कॅशमधून, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीतून, हुसकले जातात. दुसऱ्या क्रमात ते ६४ च्या ६४ बाइट कामाला येतात. एकही जादा कोअर न लावता वेग इतका वाढलेला ज्या मुलाने स्वतःच्या लॅपटॉपवर पाहिलं, तो पुढे 'सर, मोठं मशीन द्या' म्हणण्याआधी आपला लूप तपासेल.

ओपनएमपीच्या पहिल्या तासाला त्यांना चूकच करू द्या. चार थ्रेड (एकाच प्रोग्रॅमचे एकाच वेळी चालणारे धागे) लावा, एकच सामायिक व्हेरिएबल ठेवा आणि त्यात एक कोटी वेळा एक मिळवायला सांगा. प्रत्येकाचं उत्तर फळ्यावर लिहून घ्या. एक कोटी कोणाचंच येणार नाही, आणि त्याच मुलाने पुन्हा चालवलं तर त्याचंही आधीचं उत्तर येणार नाही. दोन थ्रेड एकाच वेळी जुना आकडा वाचतात, दोघंही त्यात एक मिळवून परत लिहितात, त्यामुळे दोन बेरजांची एकच होते. हा प्रयोग कंपायलरचं ऑप्टिमायझेशन बंद ठेवून करा. ते चालू असलं तर कंपायलर बेरीज प्रोसेसरच्या आतल्या रजिस्टरमध्येच उरकून शेवटी एकदाच लिहितो आणि चूक बहुतेक वेळा लपून राहते. लपणारी चूक ही या विषयातली सगळ्यात वाईट गोष्ट आहे, हेही त्याच तासाला सांगून टाका.

मुलं तक्रार घेऊन येतील की टास्क मॅनेजर आठ दाखवतो पण वेग चौपटीच्या पुढे जात नाही. बऱ्याच लॅपटॉपमध्ये कोअर चारच असतात, प्रत्येकावर दोन थ्रेड चालतात म्हणून आठ दिसतात. लॅपटॉप तापला की आपला वेग आपणच उतरवतो, बॅटरीवर असला तर आणखी उतरवतो. आणि काम मेमरीवर अडलेलं असेल तर चौपटसुद्धा मिळत नाही, अडीच-तीनवर गाडी थांबते. ही कारणं शोधणं म्हणजेच विषय शिकणं.

अ‍ॅमडालचा नियम शिकवताना सूत्राने सुरुवात करू नका, आपल्याकडचं गुऱ्हाळ सांगा. ऊस तोडायला कितीही टोळ्या लावल्या तरी काहील एकच असेल तर गूळ काहिलीच्याच वेगाने निघणार. मग आकडे काढायला लावा. प्रोग्रॅमचा दहा टक्के भाग एकेकट्यानेच करायचा असेल तर आठ कोअरवर वेग ४.७ पट मिळतो, आणि हजारो कोअर लावले तरी दहा पटीच्या वर जात नाही.

इथपर्यंतचं कुठल्याही पुस्तकात आहे. तुमच्या वर्गाला मात्र एक प्रश्न असा मिळू शकतो जो मुंबई-दिल्लीच्या वर्गाला मिळणार नाही: कृष्णेचा पूर. आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट हे तुमच्या वर्गातल्या प्रत्येकाला पाठ असेल. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा कोणाच्या घरात किती आलं तेही. सत्राचा प्रकल्प यावरच ठेवा.

गणित असं मांडा. शहराभोवतीचा २० किलोमीटर बाय २० किलोमीटरचा पट्टा घ्यायचा आणि त्याचे १० मीटरचे चौकोन पाडायचे. म्हणजे २००० गुणिले २०००, ४० लाख चौकोन. प्रत्येक चौकोनात तीन आकडे: पाण्याची खोली आणि दोन दिशांचा प्रवाह. दर पावलाला प्रत्येक चौकोन शेजाऱ्यांकडे बघून आपले आकडे बदलतो. पाऊल किती लांब ठेवायचं हे पाणीच ठरवतं. १० मीटर खोल पाण्यात लाट सेकंदाला साधारण १० मीटर पळते, आणि एका पावलात तिने चौकोन ओलांडता कामा नये. म्हणून अर्ध्या सेकंदाचं पाऊल धरा. २४ तासांच्या पुराची १,७२,८०० पावलं झाली. एक कोअर सेकंदाला दोन कोटी चौकोन उरकतो असं धरलं तर एका दिवसाचा पूर मोजायला ९.६ तास लागतात. चालतंय, उत्तर पुराच्या आधी मिळतंय.

आता कोणीतरी म्हणणार, १० मीटरमध्ये गल्ली दिसत नाही, ५ मीटरचे चौकोन घेऊ. चौकोन चौपट झाले, पाऊल निम्मं झालं, काम आठपट. ९.६ चे ७६.८ तास. तीन दिवसांनी उत्तर येईल, तोवर पाणी येऊन ओसरायलाही लागलं असेल. हाय परफॉर्मन्स कॉम्प्युटिंग कशासाठी लागतं, हे यानंतर कोणत्याही मुलाला समजावून द्यावं लागत नाही. हवामानाच्या मॉडेलचंही हेच आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने घडवलेली भारत फोरकास्ट सिस्टीम मे २०२५ पासून ६ किलोमीटरच्या चौकोनांवर चालते, आधीचं मॉडेल १२ किलोमीटरचं होतं. अंतर निम्मं केलं की काम साधारण आठपट, म्हणून त्यांना 'अर्का'सारखं ११.७७ पेटाफ्लॉप्सचं (म्हणजे ११,७७० टेराफ्लॉप्सचं) मशीन लागतं. तासगावचा द्राक्ष बागायतदार फवारणीआधी मोबाइलवर पाऊस बघतो, त्याच्या मागे हा हिशोब आहे.

मग त्या ४० लाख चौकोनांच्या चार पट्ट्या करा, प्रत्येकी ५०० ओळींची, आणि एमपीआयने चार मशीनला वाटून द्या. दर पावलाला शेजारच्या पट्टीला आपली काठाची एक ओळ पाठवायची. २००० चौकोन, तीन आकडे, आठ बाइट, म्हणजे ४८,००० बाइट. लॅबमधल्या साध्या गिगाबिट स्विचवर याला अर्धा मिलिसेकंदही लागत नाही. स्वतःचे दहा लाख चौकोन उरकायला मशीनला ५० मिलिसेकंद लागतात. बोलणं नगण्य, काम भरपूर. आता चारऐवजी ६४ मशीन असती तर? प्रत्येकीचं काम तीन मिलिसेकंदांवर येतं, बोलणं तेवढंच राहतं. दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना ओळ द्यायची म्हटली की जवळजवळ पाचवा हिस्सा वेळ नुसता बोलण्यात जातो. मोठ्या मशीनमध्ये आतल्या वेगवान नेटवर्कवर वेगळा पैसा का खर्चतात, हे इथे कळतं.

एक सक्त सूचना. फुकट मिळणारा उंचसखलतेचा नकाशा ३० मीटरचा असतो. त्यावरून १० मीटरचे चौकोन पाडले तरी जमीन १० मीटरच्या तपशिलाने कळत नाही. त्यामुळे हा संगणनाचा सराव आहे, पुराचा अंदाज नव्हे. विश्रामबाग निळं दाखवणारं एक चित्र जुलै महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपवर गेलं तर लोक रातोरात सामान माडीवर चढवतील. प्रत्येक चित्रावर मोठ्या अक्षरात 'सराव' लिहायला लावा आणि ते लॅबबाहेर जाणार नाही हे पहिल्याच दिवशी बजावा.

मशीन कुठून आणायची? नव्या खरेदीनंतर बाजूला टाकलेले संगणक तुमच्या लॅबमध्ये असणारच. १९९४ साली नासाच्या गोडार्ड केंद्रात स्टर्लिंग आणि बेकर यांनी ४८६ जातीचे १६ साधे प्रोसेसर इथरनेटने जोडून बियोवुल्फ नावाचा क्लस्टर, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या संगणकांचा समूह, उभा केला. आज जगातली बहुतेक मोठी मशीन त्याच विचारावर चालतात. तुम्ही चार घ्या. सगळ्यांवर एकच लिनक्स, एकाच्या डिस्कवरची होम डिरेक्टरी सगळ्यांना दिसेल अशी, पासवर्डशिवाय एकमेकांत जाता येईल अशा किल्ल्या, आणि वर स्लर्म, म्हणजे आलेली कामं रांगेत लावून मशीनना वाटणारं सॉफ्टवेअर. स्लर्म फुकट आहे आणि मोठ्या केंद्रांवरही रांग तोच लावतो. हे सगळं मुलांकडून बसवून घ्या. एक अडचण आत्ताच सांगून ठेवतो, कारण तिच्यात बरीच पोरं अडकतात. जुन्या संगणकांच्या मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल गेलेला असतो, त्यामुळे बंद करून चालू केला की घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. स्लर्मची ओळख पटवणारी व्यवस्था घड्याळं जुळलेली नसतील तर निरोप स्वीकारत नाही. मुलं कॉन्फिगरेशनची फाइल पुन्हा पुन्हा वाचत बसतात आणि दोष त्या सेलमध्ये असतो. सेल बदला, घड्याळं एका मशीनवरून जुळवून घ्या.

मोठ्या मशीनवर एकदा तरी बसायला हवं, हे मान्य. त्यासाठी विकत घ्यावं लागत नाही. राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशन २०१५ मध्ये सुरू झालं, ४,५०० कोटींचं. त्यातून देशभरातल्या संस्थांत परम मालिकेची मशीन बसली आहेत. आपल्याला जवळचं म्हणजे पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतलं 'परम ब्रह्म'. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेतही बाहेरच्या शैक्षणिक संस्थांना खातं मिळतं. मिशनने प्रशिक्षणासाठी खरगपूर, मद्रास, गोवा आणि पलक्कड या चार आयआयटींत केंद्रं केली आहेत. त्यांच्या शिक्षकांसाठीच्या कार्यशाळांवर लक्ष ठेवा आणि पहिल्या संधीला तुम्ही स्वतः जा. सोबत लॅब असिस्टंटला न्या. तुमची बदली किंवा रजा झाली तर क्लस्टर चालू ठेवणारं कोणी हवं. खातं मागताना तुमच्या चार मशीनवरचे वेळेचे आलेख जोडा. तुमच्या प्रोग्रॅमचा वेग चारवर किती वाढतो हे दाखवलं की वेळ मागायला आधार मिळतो.

खातं मिळाल्यावर मुलांना एकच शिस्त आधी शिकवा: लॉगिन नोडवर, म्हणजे सगळे ज्यातून आत येतात त्या सामायिक संगणकावर, प्रोग्रॅम चालवायचा नाही. तिथे फक्त फाइल लिहायची, कंपाइल करायचं आणि काम रांगेत टाकायचं. एका पोराने तिथे भारी काम सोडलं की सगळ्या वापरकर्त्यांचं टायपिंग अडखळतं, आणि ईमेल तुम्हाला येतो.

सिव्हिलच्या आणि फिजिक्सच्या मुलांची काळजी तुम्ही उगाच करताय. त्यांना सी येत नाही हे खरं, पण नदीच्या पात्राचा खडबडीतपणा म्हणजे काय हे तुमच्या संगणकवाल्यांना माहीत नाही. जोड्या लावा, एक इकडचा एक तिकडचा. सिव्हिलवाले हेक-रास हे नदीचा प्रवाह मोजणारं सॉफ्टवेअर वापरत असतील तर उत्तमच, तुमच्या प्रोग्रॅमचं उत्तर ताडून बघायला ते कामी येईल. सीची दोन आठवड्यांची उजळणी विषय सुरू व्हायच्या आधी घ्या, तासांत नको.

नोकरीबद्दल पालकांना गुळमुळीत उत्तर देऊ नका. सुपरकॉम्प्युटरवरच्या नोकऱ्या मोजक्या. पण मोठी एआय मॉडेलं घडवायला शेकडो-हजारो जीपीयू एकत्र बांधतात, तिथेही रांग, नेटवर्क आणि अडलेलं काम शोधणं हेच असतं, आणि बऱ्याच ठिकाणी स्लर्मच असतो. पुण्याच्या वाहन कंपन्यांत हवेचे प्रवाह आणि धडकेच्या चाचण्या क्लस्टरवर चालतात. ज्याला मशीन सांभाळण्यात रस आहे त्याला सी-डॅकचा एचपीसी (हाय परफॉर्मन्स कॉम्प्युटिंग) प्रणाली व्यवस्थापनाचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, प्रवेश सी-कॅट या परीक्षेतून. एका ऐच्छिक विषयाने नोकरी लागत नाही. मुलाखतीत स्वतःच्या मोजमापावर दहा मिनिटं बोलता आलं तर मात्र फरक पडतो.

म्हणून गुण मोजमापाला द्या. 'अ‍ॅमडालचा नियम लिहा, ५ गुण' असले प्रश्न शक्य तितके काढून टाका. प्रत्येकाने स्वतःच्या लॅपटॉपवरचा आलेख आणायचा आणि तोंडीला सांगायचं की माझा वेग सहाव्या थ्रेडला का घसरला. कोड एआयकडून लिहून आणला तरी हरकत नाही, प्रत्येकाचं मशीन वेगळं असल्यामुळे आलेख दुसऱ्याचा चालत नाही.

आता प्रस्ताव. संस्थेला 'नको' लिहू नका, 'दोन टप्प्यांत' लिहा. पहिल्या वर्षी चार-सहा जुने संगणक, त्यांना जास्तीची रॅम, एक गिगाबिट स्विच, एक बरा यूपीएस, आणि दोन माणसांच्या प्रशिक्षणाचा प्रवासखर्च. दुसऱ्या वर्षी जीपीयू सर्व्हर, पण कोणता, ते पहिल्या वर्षीच्या नोंदींवरून ठरवायचं: काम मेमरीवर अडलं, नेटवर्कवर अडलं की खरंच जीपीयू हवा होता. शेजारी पाच वर्षांच्या वीजबिलाचा आणि देखभालीचा रकाना टाका आणि तो कोणत्या खात्यातून भरायचा ते विचारा. त्या रकान्याने पुष्कळ चर्चा लवकर संपतात. नॅकच्या टीमला दाखवायला मुलांनी बसवलेला चालता क्लस्टर असेल, त्याच्या स्क्रीनवर पाणी पुलाखालून पसरताना दिसेल. पाटी हवीच असेल तर खुशाल लावा.

अभ्यास मंडळाच्या बैठकीला सिव्हिलच्या एका सहकाऱ्याला सोबत घ्या आणि पुराचा प्रकल्प त्यांच्याच तोंडून मांडा. विषय दोन विभागांचा झाला की तासिकांचं वेळापत्रक आणि लॅब दोन्ही सोपं जातं.